हौदातलं हिरवं पाणी

सकाळी मळ्यात आलो आन् डोकंच फिरलं. बैलांच्या जुन्या दगडी हौदात माय उतरली होती. पदर खोचून विटकरीनं दगड घासत होती. निम्मा हौद लख्ख, पाण्याचा थेंब नाही.

"माय, काय करून राहिलीस?" मी ओरडलो. "पोरीनं पंधरा दिस जपलेलं शेवाळ हाय ते!"

"उद्या पोळा हाय," ती म्हणाली. "हौद असा हिरवा ठेवायचा का?"

माझी पोरगी साक्षी उदगीरला मत्स्यपालन शिकली. आमच्या बोअरच्या मचूळ पाण्यात झिंगे वाढवायचे म्हणून तिनं शेडमध्ये मोठी टाकी बांधली. झिंग्यांची पिल्लं हे बारीक शेवाळ खाऊन जगतात, पाणीही त्यानंच साफ राहतं. म्हणून हौदात तिनं शेवाळाचं बियाणं वाढवलं होतं. पिल्लं दुपारीच येणार होती, शेवाळाबिगर ती उपाशी मेली असती.

'झिंग्याच्या टाकीला हात लावू नको,' एवढंच मी मायला बजावलं होतं. हौदाचं बोललोच नव्हतो. चूक माझी, पण जिभेला हाड नसतं. लई बोललो.

माय म्हणाली, "तुझे अण्णा पोळ्याच्या आदल्या दिवशी हौद घासायचे, मी पाणी वतायची. आपला चांद्या बैल घाण पाण्याला तोंड लावायचा न्हाई."

विटकरीची ती खरखर लहानपणी मला झोपेतून उठवायची. अण्णा गेले, बैल गेले. शेवाळासाठी हौद घेताना मायला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तेवढ्यात साक्षी आली. हौद बघून मटकन खालीच बसली. "आजी, पाणी कुठंय?"

"फेकते व्हय? टँकरमागं घागर घेऊन पळालेली बाई हाय मी! दोन्ही रांजण भरून ठेवलेत, सड्याला."

साक्षीनं काचेचा ग्लास भरून उन्हात धरला. हिरवंगार! "जित्तं हाय, आजी!" म्हणत तिनं मायला मिठीच मारली.

शेवाळ तिनं प्लास्टिकच्या ड्रममध्ये हलवलं. मी धोतर खोचून हौदात उतरलो आन् उरलेला निम्मा घासून काढला.

पोळ्याला शेजारच्या मारोतीची जोडी आमच्या हौदावर बोलावली. मायनं स्वतः पाणी वतलं.

"पी रे चांद्या," ती म्हणाली. मारोतीच्या बैलाचं नाव दुसरंच आहे, पण कुणी काही बोललं नाही.