ड्रायव्हर सोडून तिघं

ताईनं एखादं काम हातात घेतलं की बाकीच्यांनी फक्त माना डोलवायच्या, हे धाकटीला लहानपणापासून पाठ होतं. तरी ताई शाळेच्या बसवरून निवृत्त झाली तेव्हा धाकटीनं बजावलं होतं, "या वेळी सगळं आम्ही ठरवणार. तू नुसतं यायचंस." ताई "बरं" म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी काखेत नकाशा मारून दारात हजर झाली.

जायचं होतं राखीव जंगलातल्या तीन तळ्यांना. सकाळी आत शिरायचं, तळ्यांच्या कडेकडेनं चालायचं, उजेड आहे तोवर परत. फार अवघड नाही, अगदीच सोपं नाही, असं ते चालणं. वीसेक वर्षं ताईनं दर हंगामात शाळेची पोरं या जंगलाच्या फाटकापर्यंत आणली होती, पण स्वतः एकदाही आत गेली नव्हती. पोरं आत जायची, ताई बसपाशी थांबायची. ड्रायव्हरनं गाडी सोडून हलायचं नाही, हा तिचा धर्म होता. निवृत्तीचा हार नको, भाषणं नकोत, ती तळी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहेत, एवढंच तिनं मागितलं होतं.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवले.

"इथं रेघा जवळजवळ आल्यात. म्हणजे चढ," ताई म्हणाली. "भावोजींना इथं दम लागणार."

"मला? मला कशाला लागतोय दम?" धाकटीचा नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि दिवसातून फार तर दोनदा स्टुलावरून उठायचा.

"परवा आमचा एक जिना चढून आलात आणि आधी पाणी मागितलंत. म्हणून चालताना पुढं तुम्ही. मागच्यांनी तुमच्या चालीनं चालायचं, म्हणजे कुणी मागं राहायला नको."

भावोजींनी मुकाट्यानं बिस्किटांचा पुडा जवळ ओढला. धाकटीची लेक नुकतीच बँकेत लागली होती आणि कशालाही हसायची. ती हसली.

"पण मावशी, तू आत गेलीच नाहीस तर तुला हे सगळं कळतं कसं?"

"परत येणाऱ्या पोरांच्या बुटांवरून," ताई म्हणाली. "पहिल्या तळ्याआधी ओढा आहे, त्यावर फळी. दरवर्षी चारदोन पोरं एकच बूट भिजवून यायची, आणि तो कायम डावा. म्हणजे फळी डावीकडं कलते. आपण उजव्या अंगानं जायचं. दुसऱ्या तळ्यापुढं वाट फुटते. तिथं शिक्षकांची हमखास जुंपते, कारण परतताना दोन बाई बसच्या दोन टोकांना तोंड फुगवून बसायच्या. ज्या बाईंचं खरं ठरायचं त्या म्हणायच्या, पाणी डाव्या हाताला ठेवायचं."

"आणि तिसरं तळं?"

ताईनं नकाशावरच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "त्याचं कुणी सांगतच नाही गं. एरवी कान किटवणारी पोरं. पण तिसऱ्याचं विचारलं की म्हणायची, भारी होतं, आणि खिडकीबाहेर बघत बसायची. तेच मला बघायचंय."

धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसभर काचा घासायची. न बघता एवढं बघणारं माणूस तिनं दुसरं पाहिलं नव्हतं. ही आपली सख्खी बहीण आहे, या विचारानं तिला एकदम अभिमान वाटला आणि तो लपवायला ती पुन्हा चहा टाकायला उठली.

ताईचं चालूच होतं. दुपारी एकपर्यंत तिसरं तळं आलं नाही तर मागं फिरायचं, कितीही जवळ असलं तरी. सुके मोजे प्रत्येकी एक जोड. उकडलेली अंडी पहिल्या तळ्यावर संपवायची, नाहीतर पिशवीत चेंदामेंदा. जंगलात रोज मोजकीच माणसं सोडत, त्यासाठी आधी परवानगी काढावी लागे. तीही ताईनंच काढली. "तुमच्यावर टाकलं तर पुढच्या जन्मी जाऊ," ती म्हणाली, आणि कुणालाच त्यात खोटं काही वाटलं नाही.

ठरल्या सकाळी ताईची छोटी गाडी फाटकाशी लागली. वनरक्षक बाईंनी हातातल्या फोनवर बघितलं, मग माणसांकडं बघितलं.

"परवानगी तिघांची आहे. तुम्ही चौघं आहात."

"तिघंच की," ताई म्हणाली. "हे, ही आणि ही."

"आणि तुम्ही?"

"मी ड्रायव्हर."

बोलून गेली आणि मग तिचं तिलाच ते ऐकू आलं. वीस वर्षं याच फाटकावर तिनं हाच आकडा दिला होता: ड्रायव्हर सोडून अमुक इतके. आख्ख्या जंगलाचा हिशेब चोख केला आणि घोड्यानं नेमकी इथं पेंड खाल्ली. स्वतःसाठी आखलेल्या सहलीत बाई स्वतःलाच धरायला विसरली होती.

वनरक्षक बाईंनी वरच्या साहेबांना फोन लावून पाहिला. आजच्या जागा भरलेल्या होत्या आणि उद्यापासून वाट कित्येक महिने बंद होणार होती. "मला खरंच वाईट वाटतंय, ताई. पण एक माणूस जास्त सोडला तर सगळेच मागतील."

"तुमचं काय चुकलं? नियम बरोबरच आहे," ताई म्हणाली. गाडीत बसली, सीट मागं केली, वर्तमानपत्र उघडलं. "निघा तुम्ही. ऊन चढेल."

ते सगळं तिला इतकं सवयीचं होतं की धाकटीचा पाय गाडीपासून निघेना.

"मी थांबतो की," भावोजी म्हणाले, आणि लबाडी नव्हती त्यात, थोडी सोडली तर.

"तुम्हाला गाडी येते का? आत कुणाचा पाय मुरगळला तर खालच्या फाटकाशी गाडी कोण आणणार? गाडीशी ड्रायव्हरच लागतो."

"बरोबर," धाकटी म्हणाली. तिनं दार उघडलं आणि हात पुढं केला. "किल्ली दे."

"म्हणजे?"

"गाडीशी ड्रायव्हर लागतो ना? मला तूच शिकवलंस चालवायला. आज ड्रायव्हर मी. ऊठ."

"तू क्लच जाळतेस."

"जाळीन. ऊठ म्हणते ना! आयुष्यभर तुझं ऐकलं, आज एकदा माझं ऐक."

आपल्याला असं कुणी बोललेलं ताईनं कधी ऐकलं नव्हतं, आणि धाकटीनंही स्वतःला असं बोलताना. ताईनं किल्ली दिली. उतरली आणि हात कुठं ठेवावेत ते न कळून दोन मिनिटं उभी राहिली. मग लेकीनं तिच्या पाठीवर पिशवी चढवली आणि तिघं झाडांत शिरली.

दिवसभर धाकटी ताईच्या सीटवर बसून राहिली. वर्तमानपत्र वाचून झालं, जाहिरातीसुद्धा झाल्या. पाठ अवघडली, पाय आखडले. वीस वर्षं ही बाई अशी बसली होती आणि संध्याकाळी हसतमुखानं घरी यायची. धाकटीला रडू आलं, ते तिनं आवरलं नाही.

ऊन कलल्यावर तिघं परतली. ताईचे केस सुटलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. ती सरळ मागच्या सीटवर आडवी झाली. "अगं, ते पाणी..." एवढं बोलली आणि पहिल्या वळणाआधीच घोरायला लागली. लेक काही सांगू पाहत होती, धाकटीनं तिला आरशातूनच डोळ्यांनी दटावलं. भावोजींनी रेडिओकडं नेलेला हात मागं घेतला.

घराच्या कोपऱ्याशी गाडी हळू झाली तशी मागून झोपाळू आवाज आला, "घर आलं का गं?"

हा प्रश्न आजवर सगळ्यांनी ताईला विचारला होता. घर समोर दिसत होतं.

"नाही अजून, झोप तू," धाकटी म्हणाली, आणि गाडी थांबवायच्या ऐवजी तिनं आणखी एक चक्कर मारायला वळवली.