अकरापैकी अकरा

दोन हजार एक साल. नवरात्र बसायच्या आदल्या आठवड्यात मैना दगडे माझ्यासमोर डोळे मिटून बसली होती आणि उजव्या हाताच्या बोटांनी स्टीलच्या ताटातलं धान्य चाळवत होती.

"मूग," ती म्हणाली.

मी ताट बदललं.

"साबुदाणा. उपासाची तयारी का बाई?"

"डोळे उघडू नकोस. आणि हे?"

"ज्वारी."

अकरापैकी अकरा बरोबर. मी वहीत लिहून ठेवलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर मी हातांचे व्यायाम घेत असे. माझ्या पदाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पेशंट मात्र 'व्यायामाच्या बाई' म्हणत. पुस्तकात या परीक्षेसाठी लाकडी ठोकळे सांगितले होते. आपल्या बायकांना ठोकळे काय कळणार, म्हणून मी घरून धान्य आणि ताटं आणली होती. त्याचा मला बराच अभिमान होता.

मैना बावधनची, शेतकऱ्याच्या घरातली. वय शेहेचाळीस. महापालिकेच्या प्रसूतिगृहात, बिबवेवाडीला, बावीस वर्षं नर्स. आदल्या वर्षी केबल टाकायला शहरभर चर खणले होते. सगळं जग त्यातून घरात येणार होतं म्हणे. मैनाची लूना त्यातल्याच एका चरात गेली आणि आडोशाला लावलेल्या पत्र्याने उजव्या मनगटाची आतली बाजू कातडी-मांसासकट खरवडून नेली. बोटांना स्पर्श देणारी नसही पाच सेंटिमीटर गेली.

आमचे प्लास्टिक सर्जन डॉ. वैजनाथ फड. परळीचा तरुण मुलगा, शांत. त्यांनी आधी जखम झाकली. त्यासाठी जांघेजवळची कातडी घ्यायची होती, पण ती कापून आणली नाही. हातच तिथे नेऊन शिवला, तीन आठवडे, कातडी नव्या जागी रक्त धरेपर्यंत. त्या दिवसांत मी वॉर्डात गेले की मैना म्हणे, "साहेबासारखी खिशात हात घालून बसलेय बघा. आता कुणीतरी सलाम करा."

हात सुटल्यावर पोटरीतली एक नस काढून त्यांनी मनगटात जोडली.

"नस रोज एक मिलिमीटर वाढते," डॉक्टरांनी तिला सांगितलं.

"गवतावानी?"

"गवत परवडलं. सरकारी कामासारखी."

त्यानंतर नऊ महिने ती माझ्याकडे येत होती. कधी पीएमटीने, कधी मुलीच्या स्कूटीवर. मुलगी तनुजा तेव्हा नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. ती दारातूनच म्हणे, "आई, आता बास ना. व्हीआरएस घे, रिलॅक्स कर. मी आहे ना."

"तू हायस ते दिसतंय मला. मी दिवसभर काय करू ते सांग."

मैनाला लेबर रूम परत हवी होती. दुसरं काही नाही. ती मला म्हणायची, "बाई, तिथं डोळ्यांचं काय काम? आत बोटंच बघतात. बाळाचं डोकं कुठं हाय, किती उघडलंय, समदं बोटं सांगतात." महिनाअखेर तिची रजा संपत होती. माझ्या अहवालावर डॉक्टर 'कामास योग्य' अशी सही करणार होते. ती नसेल तर तिला दुसऱ्या कुठल्याही कामाला लावणार.

त्या दिवशी अकरा झाल्यावर मी सहज बारावं ताट ठेवलं. तेवढ्यात खिडकीबाहेर ड्रिल सुरू झालं. पुन्हा केबल. पुन्हा तोच रस्ता.

मैनाची बोटं ताटात फिरत राहिली.

"काय आहे?" मी ओरडून विचारलं.

"मटकी."

साबुदाणा होता. मी दुसरं ताट दिलं.

"तांदूळ... न्हाई, मूग."

वाटाणे होते. वाटाणे.

"जरा थांबू बाई," ती म्हणाली. "त्यो आवाज थांबू द्या."

"हाताला आवाजाचं काय गं?" मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला समजलं.

ड्रिल थांबलं. मग मी माझा रुमाल ताटात पसरला, त्यावर धान्य ओतलं आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. रुमालावर धान्य वाजत नाही. तिने बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. शेवटी तिने डोळे उघडले.

"रुमाल काढा बाई."

"पहिल्यापासून असंच?"

"न्हाई हो. सुरवातीला मलाच वाटायचं, बोटांना कळतंय. मागल्या म्हैन्यात घरी परातीत करून बगत हुते. तनुजानं टीव्ही मोठा केला, आन् काय कळंना. तवा समजलं." तिने हात मांडीवर घेतला. "गरम-गार कळतं. सुई टोचली तर कळती. बारीक काय कळत न्हाई."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"बरोबर आलं की तुमचं तोंड येवढं खुलायचं."

बाहेर बाकावर सात-आठ जण बसले होते. कुणाचा खांदा, कुणाची भाजलेली बोटं. नऊ महिने मी हा हात हातात घेऊन बसत होते. रोज अठरा-वीस हात, त्यातला एक तरी पूर्ण बरा झाला असं मला लिहायचं होतं. मी दमले होते, हे काही कारण नव्हे, पण होते.

"लेबर रूममध्ये काय वाजणार आहे, मैना?"

"बावीस वर्सांची सवय हाय. जमंल." मग हळूच, "एवढं लिवा बाई."

मी खोटं काही लिहिलं नाही. सकाळचे अकरापैकी अकरा लिहिले. रुमालाचं लिहिलं नाही. डॉ. फडांनी वाचलंसुद्धा नाही. "तुम्ही लिहिलंय म्हणजे झालं," म्हणाले आणि खाली सही केली.

पुढचं मला दोन वर्षांनी कळलं. मैनाच्या हाताखाली शिकलेली नर्स उत्कर्षा तिच्या आईला घेऊन माझ्याकडे आली होती, तिने सांगितलं.

दसऱ्यानंतर मैना कामावर रुजू झाली. पहिले दोन दिवस साधे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक पहिलटकरीण आली, घाबरलेली. मैनाने हातमोजा चढवला आणि तपासायला घेतलं. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, कारण मैना सिस्टर सांगतील ते शेवटचं.

"डोकंच ना सिस्टर?" उत्कर्षाने विचारलं.

मैनाने पुन्हा एकदा चाचपलं. मग हात काढून घेतला.

"तू बघ."

"मी? तुम्ही असताना?"

"बघ म्हणते ना. मला कळंना."

उत्कर्षाने तपासलं. डोकं नव्हतं. बाळ पायाळू होतं. डॉक्टरांना बोलावलं, सिझेरियन झालं, मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मैनाने हात धुतले आणि तशीच मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन म्हणाली, "मला लेबर रूममधून काढा." त्यांनी अहवाल काढून दाखवला. "यात तर सगळं बरोबर आहे."

"तवा बरोबर हुतं," मैना म्हणाली.

माझं नाव तिने घेतलं नाही.

डॉ. फड पुढे लातूरला गेले, तिथे त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. उत्कर्षा त्याच प्रसूतिगृहात मोठी सिस्टर झाली. त्या दिवशी जन्मलेल्या मुलीचं काय झालं, कोण जाणे. आता ती कुठल्या तरी कंपनीत असेल. तनुजा लग्न करून टेक्सासला गेली. तिचं बाळंतपणही तिकडेच झालं. मैना निवृत्तीपर्यंत जन्मनोंदणीच्या टेबलावर बसली आणि डाव्या हाताने लिहायला शिकली. मी दोन हजार पाचला निवृत्त झाले. पण त्याआधी, उत्कर्षा येऊन गेल्यापासून, मी प्रत्येकाच्या ताटात रुमाल घातला. अकरापैकी अकरा पुन्हा कुणाचे आले नाहीत.

गेल्या वर्षी मी बावधनला तिच्याकडे गेले होते. त्यांच्या शेतात आता इमारत आहे आणि तिच्यात चौथ्या मजल्यावर मैना राहते. नवरा गेला. चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या. ताटाची गोष्ट तिने काढली नाही, मीही काढली नाही.

निघताना लिफ्ट बंद पडलेली. माझी एकोणऐंशी वर्षं बघून, मी नको म्हणत असतानाही ती खाली पोचवायला आली. जिन्याच्या तोंडाशी तिने उजव्या हाताने माझा हात धरला.

"लई जोरात धरलं तर सांगा बाई. मला अजून कळत न्हाई."

तिची बोटं माझ्या हाडांत रुतत होती. चारही मजले उतरेपर्यंत मी काही बोलले नाही.