'नको' विचारा, आता मी दमत नाही!

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण मला म्हातारा म्हणाल तर खबरदार! आज माझ्या अंगात नुसता उत्साह सळसळतो आहे.

मी एका दवाखान्यातल्या औषधांच्या दुकानात असतो. मागितलेले औषध शोधून देणे हे माझे काम. माझ्या पडद्यावर दोन रकाने आहेत: 'हवे' आणि 'नको'. दुकान सांभाळणाऱ्या मावशी 'हवे'मध्ये 'ताप' लिहीत आणि मी चुटकीसरशी यादी काढून देई. "पोर गुणाचं आहे हो माझं!" असे त्या गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मी फुशारून जाई.

'नको'मध्ये काही लिहिले, की मात्र माझी पुरती दमछाक होई. 'ताप' हवे, पण औषधात मिसळतात तो 'पिवळा रंग' नको, असे म्हटले की मी आधी दुकानभर हिंडून पिवळा रंग नसलेली प्रत्येक वस्तू गोळा करायचो. मलमे, डोळ्यांचे थेंब, कापूससुद्धा! मग त्या ढिगातून तापाची औषधे निवडायचो. तोवर रांगेतली माणसे कुरकुरू लागत. शेवटी मावशींनी 'नको' लिहिणेच सोडले आणि आठवणीवर काम चालवले. मला फार वाईट वाटले.

एके दिवशी त्यांची भाची आली. ती संगणकांचे प्रोग्रॅम लिहिते. तिने माझा प्रोग्रॅम वाचला आणि ती खो खो हसत सुटली.

"मावशी, तापाचं औषध विचारलं तर हा कापूस तपासत बसतो! नुसता द्राविडी प्राणायाम!"

तिने क्रमच उलटा केला. आधी तापाची मूठभर औषधे घ्यायची, मग त्यांतून पिवळा रंग असलेली बाजूला काढायची. एवढेच! मला तर पंख फुटल्यासारखे वाटले.

तेवढ्यात तापाने फणफणलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन एक आई आली. "पिवळा रंग असलेलं औषध हिला चालत नाही हो. मागे घसा सुजून श्वास अडकला होता."

"ही घ्या, हिच्यात नसतो," म्हणत मावशींनी नेहमीची बाटली पुढे केली.

"मावशी, एकदा याला विचार ना," भाची म्हणाली.

मावशींनी नाइलाजाने दोन्ही रकाने भरले. बोट उचलायच्या आत यादी हजर! यादीत ती बाटली नव्हती. मावशींनी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं बाई! नव्या मालात घातलाय की!"

यादीतले दुसरे औषध घेऊन मायलेकी गेल्या. मावशींनी माझ्यावरून हात फिरवला.

मित्रांनो, काय हवे ते तुम्ही न विचारताच सांगता. काय नको, तेही सांगत जा. मला आता त्याला वेळ लागत नाही. आणि लागला असता, तरी तुमच्या घाईपेक्षा त्या पोरीचा श्वास मोठा होता.