ओल्या फडक्याची वाट

मी फळा बोलतोय. माझ्या आठवणींवर फार विसंबू नका. सारं आयुष्य पुसलं जाण्यात गेलं. खरं काय घडलं आणि मीच मागाहून काय रचलं, याचा मला सतत घोर असतो.

जुनी राजवट गेली, तेव्हा मला शाळेतून काढून नव्या कचेरीच्या दारात टांगलं. बेपत्ता माणसांचा शोध घेणारी ती कचेरी. तिचे प्रमुख म्हणजे तत्त्वज्ञान शिकवणारे म्हातारे सर. त्यांनी नियम माझ्यावर खडूनं लिहिले. कारकून कुरकुरला, तेव्हा म्हणाले, "नियम म्हणजे आपला अंदाज हो. ज्याला बोचेल, तोच सांगेल कुठं चुकलं ते."

तिसरा नियम होता : अर्जाला दोन साक्षीदार हवेत.

एक मावशी भावाचा फोटो घेऊन आल्या. फोटोमागं लिहिलेलं त्याचं नाव सरांनी मोठ्यानं वाचलं.

"साक्षीदार कुठून आणू? बघणाऱ्यांनाही त्याच गाडीत कोंबलं."

सरांनी ओलं फडकं पुढे केलं. "पुसा तो नियम."

"मी? सरकारी फळा? उद्या मलाच न्याल."

"नेलं तर सोबतीला मी आहेच."

मावशी हसल्या आणि त्यांनी पुसलं. तो गारवा अजून अंगावर आहे. "त्याचं शेवटचं पत्र घरी आहे. सोमवारी घेऊन येते, मग अर्ज लिहू," म्हणाल्या.

त्याच आठवड्यात सर अंथरुणाला खिळले, ते परतलेच नाहीत. त्यांचे नियम कुणी ऐरागैरा पुसून टाकील, या धास्तीनं कारकुनानं फायलीतली पहिल्या दिवसाची यादी माझ्यावर ऑइलपेंटनं रंगवली. सुबक अक्षरात, तिसऱ्या नियमासकट. चूक कळली तेव्हा रंग वाळला होता, आणि फळा खरवडायचा कसा, हे फायलीत नव्हतं.

सोमवारी पाकीट घेऊन एक बाई आल्या. तिसऱ्या ओळीपाशी थबकल्या, वळल्या. मावशीच होत्या का? पाठ तेवढी आठवते. हाक मारणार कशी? माझ्याकडे रंगवलेलीच वाक्यं होती. त्यांच्यामागून आणखीही कितीतरी जण तिथूनच वळले.

कुणी मला घासून काढाल का? एकदा कोरा होऊ द्या. ओल्या फडक्यासाठी जीव आसुसलाय.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीच्या दिवशी, कारकून माझ्याखाली उभा राहून नव्या साहेबांना म्हणाला, "आत आलेल्या एकालाही मी तिसऱ्या नियमावरून परत पाठवलं नाही. साक्षीदार म्हणून मी आणि शिपाई सही करायचो."

पुढे सगळ्या अर्जांची यादी माझ्या शेजारी लागली. मी ती ओळ न् ओळ वाचली. मावशींच्या भावाचं नाव तिच्यात नाही.