गव्हाणीपासून वीस पावलं

मित्रांनो, मी एक जुनी गव्हाण आहे. अल्ताईच्या डोंगरात शिंगांसाठी मराल हरणं पाळतात, तिथला मुकादम तोक्तोश याने लार्च नावाच्या झाडाचा ओंडका कोरून मला घडवलं. लाकडाने खरं तर स्वस्थ पडून राहावं. मला ते कधीच जमलं नाही. कुणाचं खायचं राहिलं की माझा जीव खालीवर होतो.

हिवाळाभर माझ्यात ओट पडतात आणि त्यावर खुराक, म्हणजे मीठ आणि खनिजांची करडी भुकटी. आईपासून तोडलेले कोवळे नर माझ्यात तोंड घालतात. हिवाळ्यात अंग भरलं तरच वसंतात कपाळावर शिंगांच्या गाठी धरतात. ज्याला शिंगं येत नाहीत, त्याला पानगळीच्या दिवसांत कापतात.

कुमूश ही त्यांना चारा घालणारी बाई. एका वर्षी तिने आई मेलेलं पिल्लू बाटलीच्या दुधावर जगवलं आणि त्याला किचिनेक, म्हणजे चिमुकला, अशी हाक मारू लागली. बाकीचे फुगत गेले, हा काटकुळाच राहिला.

"पोरी, याच्यात जीव अडकवू नकोस," तोक्तोश म्हणाला. "हा काही शिंगं धरत नाही."

"काका, तुम्हीपण लहानपणी काडीच होता म्हणे. तुम्हाला कुणी कापलं का?"

"माझ्याकडे कुणी शिंगं मागितली नव्हती."

कुमूश हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने खुराक दीडपट केला. पिल्लाचं भलं व्हावं म्हणून माझ्या शेजारच्या झाडाला पांढरी फीतही बांधली. अशी फीत मनापासून मागणं मागून बांधायची आणि एकदा बांधली की सोडायची नाही, ही इथली रीत.

ती फीत वाऱ्यावर फडफडायची. बाकीचे नर तिला दोन दिवस बुजले आणि मग सरावले. किचिनेक मात्र वीस पावलांवर यायचा, तिथेच थबकायचा, घिरट्या घालून परत जायचा. त्याच्या वाटणीचा खुराक धटिंगण फस्त करत. सकाळी मी रिकामी दिसले की कुमूश खूश व्हायची. "खातोय हो माझा चिमुकला," म्हणायची. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण कसं सांगणार?

फेब्रुवारीत ताजा बर्फ पडला. माझ्याभोवती सगळं तुडवलेलं होतं, आणि वीस पावलांवर बारक्या खुरांचं एक रिंगण. कुमूश ते बघत राहिली. मग तिने मान वर करून फितीकडे पाहिलं.

"काका, मीच त्याला उपाशी ठेवलं."

"फीत सोडता येणार नाही, पोरी."

"मग गव्हाण हलवू. घोडा आणा."

घोड्याने मला फरपटत कुंपणाच्या त्या टोकाला नेलं. वाटेत दगडावर आपटून मी उभी चिरले. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण त्याच संध्याकाळी किचिनेकचं ओलं नाक माझ्या तळाला लागलं.

जूनमध्ये तोक्तोशने त्याचं डोकं धरून दोन्ही मखमली शिंगांना हाताची वीत लावली. "वीतभर आहेत," तो म्हणाला. "राहू दे याला." कुमूश तिथेच खाली बसून रडली.

आता माझ्या चिरेतून खुराक गळतो. कुणी तरी त्यात पोत्याचं फडकं कोंबलंय, त्याचं टोक वाऱ्यावर फडफडतं. मित्रांनो, चीर नीट बुजवलीत तर उपकार होतील. पण माझी एक विनवणी आहे. रिकामी गव्हाण बघून समाधान मानू नका, लांब कोण उभं राहिलं तेही बघा.

आज पहाटे पुन्हा बर्फ पडला आहे. यंदाच्या कुठल्याशा पिल्लाच्या बारक्या खुरांचं एक रिंगण माझ्यापासून वीस पावलांवरच थांबलंय, आणि कुमूश अजून आलेली नाही.