इरकलीची घडी

अंकितानं हिरवी इरकल गिऱ्हाइकाला दाखवायला झटकली आणि घडीतून एक खाकी पाकीट फरशीवर पडलं.

"काका, ताईंनी पैसे लपवलेत काय?" ती हसत वाकली.

चिंतामण टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. कराडातल्या बँकांत आणि पतसंस्थांत नोकरी करणाऱ्या बायका दरवर्षी हा सेल भरवायच्या. आपापल्या कपाटातल्या चांगल्या साड्या आणून विकायच्या आणि त्या पैशांतून गरीब घरच्या मुलामुलींची फी भरायच्या. सुरुवात त्याच्या बायकोनं, शरयूनं केली होती. यंदा एक टेबल तिच्याच साड्यांचं होतं. वर्षश्राद्ध झाल्यावर चिंतामणच्या बहिणीनं कपाट रिकामं केलं, साड्या होत्या तशा पिशव्यांत भरल्या. तेवढा वेळ तो बाहेर पायरीवर बसून होता.

"घडीबी मोडलेली न्हाई हिची," गिऱ्हाईक बाई पदर चाचपत म्हणाली. "पण भाव लय सांगताय."

"मावशी, पोरांच्या फीला जाणार आहेत पैसे. मी काय घर बांधत नाही," अंकिता म्हणाली. बोलता बोलता तिनं पाकीट उघडलं आणि आतले कागद वर काढले. "संयोगिता मॅडम, जरा इकडं या."

संयोगिता शाखाधिकारी होती. शरयूच्या हाताखाली शिकलेली. तिनं चष्मा लावून कागद टेबलावर मांडले. शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत. बारावीचं गुणपत्रक. निळ्या शाईनं भरलेला फीचा अर्ज. नाव अश्लेषा जोतिबा मदने. तारीख मागच्या वर्षीची.

कागद तिथं कसे आले ते कुणाला सांगावं लागलं नाही. झेरॉक्सला पोरींचे पैसे जायला नकोत म्हणून शरयू मूळ कागदच घरी घेऊन यायची. दुसऱ्या दिवशी बँकेत प्रती काढून परत द्यायची. रात्रीपुरते ते कपाटात, साडीच्या घडीत. तिथं चुरगळायची भीती नाही, असं म्हणायची. हे कागद मंगळवारी आले होते. बुधवारी पहाटे ती न्हाणीघरात पडली आणि शुद्धीवर आलीच नाही.

"मॅडम, ही तीच," अंकिता म्हणाली. "दाखल्यावर दुय्यम प्रतीचा शिक्का होता, ती."

संयोगितानं मान हलवली. मुलाखती गेल्या आठवड्यातच झाल्या होत्या. मधलं वर्ष वाया का गेलं, असं विचारल्यावर अश्लेषानं खाली बघून सांगितलं होतं, दाखला माझ्याच हातनं एसटीत हरवला. नवीन मिळेपर्यंत सांगलीच्या नर्सिंगची प्रवेशाची तारीख गेली. मग वर्षभर महाबळेश्वरला हॉटेलात भांडी घासली. जिला आपला दाखला सांभाळता येत नाही ती पेशंट काय सांभाळणार, असं म्हणून संयोगितानंच तिच्या नावावर काट मारली होती. यादी उद्या कॉलेजांना जायची होती.

"मग खोटं का बोलली ती? ताईंनी नेला म्हणून सांगायचं की," अंकिता म्हणाली.

"ताई गेलेल्या. त्यांचं नाव कसं घेणार?" संयोगिता खुर्चीत बसली. "ताईंच्या हातून राहून गेलं, काय करणार. पण पोरीनं त्यांच्या घरी जाऊन विचारायचं तरी. तेवढीही धडपड केली नसेल, तर पुढची तीन वर्षं कशी काढणार ही? आपण पैसे घालायचे आणि हिनं मध्येच सोडायचं." ती चिंतामणकडं वळली. "दाजी, आली होती का हो ती तुमच्याकडं?"

चिंतामणनं टेबलावरची इरकल ओढून मांडीवर घेतली आणि तिची घडी घालायला लागला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पाने फिरवलेले हात. काठाला काठ जुळेना. तुमच्या एकसष्टीला मोडीन हिची घडी, असं शरयू म्हणाली होती.

"दाजी?"

"आलती," तो म्हणाला. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, समदं शोधलं, घरात काय न्हाई."

"शोधलं असेलच तुम्ही."

"न्हाई. कपाटाला हातच लावला न्हाई मी."

गिऱ्हाईक बाईनं हातातली दुसरी साडी हळूच टेबलावर ठेवली.

"आठ दिसांनी परत आली. आत पाऊल टाकलं न्हाई. दारातनंच म्हणाली, काका, मॅडम साडीच्या घडीत कागद ठेवायच्या, मला सांगितलेलं त्यांनी. मी हात लावत न्हाई, तुमीच काढा. शनवारपत्तूर मुदत हाय." त्यानं अर्धवट घातलेली घडी पुन्हा सोडली. "मी दार लावलं."

पलीकडच्या टेबलावर दोन बायका एका पैठणीवरून हसत होत्या. संयोगितानं पर्समधून यादी काढली, काट मारलेल्या नावाकडं बघितलं आणि कागद तसाच उलटा ठेवला.

"ते मी बघते," ती म्हणाली. "पण तिला फोन तुम्ही करा. अर्जावर नंबर आहे."

चिंतामणनं अर्ज घेतला नाही. त्याच्या खिशात शरयूचा मोबाईल होता. तो वापरायचा नाही, पण नंबर बंद पडू नये म्हणून वर्षभर रिचार्ज मारत आला होता. सुरुवातीचे पंधरा दिवस त्याच्यावर एकच फोन सारखा यायचा. तो नाव वाचायचा आणि मोबाईल उशीखाली सरकवायचा.

त्यानं ते नाव शोधलं. अश्लेषा नर्सिंग, असं शरयूनं लिहून ठेवलं होतं. त्यानं बटण दाबून मोबाईल कानाला लावला.

चौथ्या रिंगला फोन उचलला गेला. आधी भांड्यांचा आवाज आला, मग नळ बंद केल्याचा. चिंतामणनं मोबाईल कानाशी घट्ट धरला.

पलीकडची मुलगी थोडा वेळ थांबली.

"काका," ती म्हणाली, "गावला का दाखला?"