एलिजाचा शनवार

परेशशेठनं कळंबोलीच्या ऑफिसात बसवून चहा पाजला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वाकडं हाय. हा पोरगा उगाच कुणाला चहा पाजत नाय. बापामागं ट्रान्सपोर्टचा धंदा सांभाळतो, वय बत्तीस, पण नजर मुरलेल्या व्यापाऱ्याची.

"भगवानकाका," तो बोलला, "हैदराबादचं औषधांचं काम मिळालंय. दर गुरुवारी माल भरायचा आणि शनिवारी दुपारी बाराच्या आत कंटेनर न्हावाशेवा बंदरात. बारा म्हणजे बारा. तुम्हाला दुसरा जोडीदार देतो."

"का? एलिजाला काय धाड भरलीय?"

"त्यांचा शनिवार, काका. दुसरं काय?"

आता हे सांगायला पायजे. माझा जोडीदार एलिजा आपटेकर पनवेलचा ज्यू हाय. मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. त्यांचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली बोलायचे. घाणे गेले, अर्धे नातेवाईक इस्रायलला गेले, पण एलिजाचा शनवार काय गेला नाय. शुक्रवारी सूर्य बुडला की तो गाडी चालवणार नाय. चालवणार नाय एवढंच नाय, गाडीत बसणारसुद्धा नाय. शनवारी संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत कामाचं बोलणंच बंद. सतरा वर्षं आमी एका केबिनमध्ये काढली. त्यातले कितीतरी शनवार मी तुमकूरच्या पेट्रोलपंपावर नाहीतर चित्रदुर्गच्या धाब्यावर माश्या मारत, त्याला शिव्या घालत काढले. पण त्या शिव्या माझ्या. दुसऱ्या कुणी त्याच्या शनवाराला नावं ठेवली तर माझं टाळकं सरकतं.

"त्याला काढून काय करणार?" मी विचारलं.

"लांबच्या लाइनला दुसरं काम नाही माझ्याकडे. घरी बसतील. वय पण झालंय."

छप्पन्न वर्षांच्या ड्रायव्हरला घरी बसवला की परत कोण उभा करतो? माझी जीभ सुटली. "परेशशेठ, शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत एलिजाला घरी सोडतो आणि शनवारी बाराच्या आत कंटेनर बंदरात घालतो. नाय जमलं तर जोडी तोडा."

"एक खेप बघतो," परेश बोलला. "एकच."

गुरुवारी सकाळी दहाला आमी हैदराबादच्या कारखान्याच्या गेटवर हजर. माल भरून बाहेर पडलो रात्री नवाला. अकरा तास! गेटवरचा पोरगा येऊन सांगतो, ड्रायव्हर लोकांनी आत संडासला जायचं नाय, बाहेर झाडी हाय तिकडं जा. लाखोंची औषधं आमच्या भरवशावर पाठवणार, पण आमचा पाय त्यांच्या फरशीवर नको. मी भांडायला उठलो, तर एलिजानं हात धरून बसवला. "रागावून माल लवकर भरत नाही, भगवान."

पण गाडी एकदा हायवेला लागली ना, की सगळं विसरायला होतं. पाळीपाळीनं चालवलं. सोलापूरच्या अलीकडे गरम भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. उजनीच्या पुलावर सकाळ झाली, पाणी लखलखत होतं, आणि एलिजा त्याच्या बेसूर आवाजात गाणं आळवत होता. या सुखाला घरात बसणाऱ्या माणसाला किंमत नाय कळायची. माझ्या पोरालाच नाय कळली. माझा प्रितम बंदरातला ट्रेलर चालवतो. यार्डातून बंदर, बंदरातून यार्ड, संध्याकाळी घरी विचुंब्याला. गणपतीत सगळ्या भावकीसमोर मी बोलून गेलो, "हा कसला ड्रायव्हर? दारातली कोंबडी याच्यापेक्षा लांब जाते!" सगळे हसले. तेव्हापासून पोरगा माझ्याशी बोलत नाय. मीपण बोलत नाय. बाप हाय मी, वाकायचं कुणी?

पुणं दुपारी बाराला सोडलं. मी खुशीत होतो. आणि घाटात कुणाची तरी गाडी आडवी बंद पडली. झालं! साडेतीन तास आमी गोगलगायीसारखे सरकत होतो. कारवाले मधे घुसून हॉर्न मारतात, जसं काय आमीच मजेत उभे हाओत. खालापूरचा टोलनाका लागला तेव्हा पाच वाजून गेले होते. सहाला सूर्य बुडणार.

"बंदरापर्यंत नाही पोचत," एलिजा घड्याळ बघत बोलला. "मला पळस्पे फाट्यावर उतरव. तिथून मी चालत घरी जातो. पुढं तू ने."

मी मान हलवली, पण पुढं मला नेता येणार नव्हतं. का ते सांगतो. सतरा वर्षांत आमची कामाची वाटणी ठरलेली. घाट माझा, बंदर त्याचं. उतारावर त्याच्या हाताला घाम सुटतो आणि कागद बघितले की माझं डोकं फिरतं. बंदराच्या गेटमध्ये गाडी न्यायला ड्रायव्हरचा स्वतःचा पास लागतो. माझा पास दोन वर्षांपूर्वी संपला होता. एलिजा हाय ना, मग रांगेत कशाला उभं राहायचं, असं बोलून मी तो काढलाच नव्हता, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. परेशच्या ऑफिसात फुशारकी मारताना ही गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा आली नाय. आता परेशकडे पासवाला ड्रायव्हर मागावा, तर तो एवढंच बोलणार, बघा काका, मी सांगत नव्हतो?

पळस्प्याला पावणेसहा वाजले. एलिजानं पिशवी उचलली, खाली उतरला. मी तसाच बसून.

"काय झालं?"

सांगितलं. सांगताना लाज वाटली. त्याच्याकडे बघवेना.

एलिजानं पिशवी परत वर केबिनमध्ये ठेवली आणि पायरीवर पाय दिला. "चल. तुझी नोकरी जाईल ती माझ्यापायी जायला नको."

"माझी नाय, तुझी जाईल!"

"एकच आहे. चल म्हणतो ना."

मला काय झालं कळलं नाय. ती पिशवी उचलून मी त्याच्या अंगावर फेकली. "उतर खाली! सतरा वर्षं तुझ्या शनवारापायी तुमकूरला सडलो, ते काय आज तू तो मोडावास म्हणून? जा घरी!"

"मग आत नेणार कोण?"

"ते माझं मी बघतो. तू सूर्याकडे बघ!"

तो गेला. पिशवी काखेत मारून, भराभर, मागं न बघता. मी मोबाइल काढला. रोज बंदरात जाणाऱ्या प्रितमचा नंबर समोर आला आणि अंगठा काय दाबेना. तीन महिने बोललो नव्हतो. मग स्वतःलाच बोललो, भगवान, एलिजा जन्माचा नेम मोडायला निघाला होता, आणि तुला तुझी मिशी खाली करवत नाय?

लावला.

"प्रितम, मी बाबा."

"बोला."

"पळस्प्याला ये. कंटेनर बंदरात न्यायचाय. माझा पास संपलाय."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! बाबा, तुमी पण ना..."

"शिव्या नंतर घाल. येतोस का?"

"आलो. गाडी फाट्यावर आडवी लावू नका, पोलीस उभा असतो."

वीस मिनिटांत बाइकवरून हजर. कोंबडीचं काय बोलला नाय. बोलला असता तर बरं झालं असतं. मी शेजारच्या सीटवर सरकलो आणि स्टिअरिंगवर माझा पोरगा बसला. पहिल्यांदाच. मी चुका काढायला टपलोच होतो. पण चूक सापडेना. कुठल्या लेनला गर्दी हाय, कुठल्या गेटला आज मशीन बंद हाय, सगळं त्याला पाठ. गेटवरचे लोक त्याला नावानं हाक मारत होते. यार्डात एका चिंचोळ्या जागी चाळीस फुटी गाडी त्यानं एका दमात उलटी लावली. मला तिथं तीन वेळा पुढं-मागं करावं लागलं असतं, खोटं कशाला बोलू? शाब्बास बोलायचं सोडून मी बाजूचा आरसा पुसत बसलो.

आठ वाजता परेशला फोन केला. "कंटेनर आत गेला. बाराच्या आत काय, सोळा तास आधी."

"बघितलं मी, मेसेज आला. ड्रायव्हर म्हणून प्रितमचं नाव लागलंय." मग तो हसला. "पुढच्या गुरुवारी दोघंही या, तुम्ही आणि एलिजाकाका. आणि काका, सोमवारी आधी पास काढा."

रात्रभर मला झोप नाय. कधी एकदा एलिजाला सांगतो असं झालेलं. फोन तो शनवारी उचलत नाय. सकाळी उठून मी पनवेलात त्यांच्या सिनेगॉगच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. प्रार्थना झाल्यावर एलिजा बाहेर आला, पांढरेशुभ्र कपडे, डोक्यावर टोपी.

"एलिजा, ऐक, काल..."

त्यानं हात वर केला. "कामाचं आहे ना? मग आज नाही."

"अरे मेल्या, एकच वाक्य!"

"भगवान, शब्बाथ आहे."

काय बोलायचं या माणसाला? ज्या शनवारासाठी मी पोरासमोर मान खाली घातली, तोच शनवार आता माझं तोंड दाबून बसला. मला तो जेवायला घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोनं, शोशानावहिनींनी, आदल्या दिवशी केलेली नारळाच्या दुधातली मच्छी वाढली, आणि एलिजा आत गेल्यावर हळूच बोलल्या, "रात्रभर डोळा लागला नाही हो त्यांचा. पण विचारणार नाहीत." आणि त्यानं खरंच विचारलं नाय. चार वेळा माझ्या तोंडाकडे बघितलं, चार वेळा नजर वळवली. मीपण मग हट्टाला पेटलो. तुझा नेम तर माझाही नेम. संध्याकाळपर्यंत त्याच्या ओट्यावर बसून राहिलो, हवापाण्याचं बोलत.

चांदण्या दिसल्या. आत दिवा लावून त्यांची प्रार्थना झाली. एलिजा बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला.

"आता बोल."

"कंटेनर गेला आत. पुढच्या गुरुवारी आपण दोघं. परेश स्वतः बोलला."

त्यानं डोळे मिटून घेतले. मग डोळे पुसत बोलला, "पण आत नेला कोणी?"

"प्रितमनं. आणि एलिजा, काय चालवतो रे पोरगा! माझ्यापेक्षा चांगला चालवतो."

"त्याला सांगितलंस हे?"

"नाय."

"मग मला काय सांगतोस? लाव फोन."

मी लावला. प्रितमनं पहिल्याच रिंगला उचलला. मी बोललो, "प्रितम, काल तू..." आणि मला हुंदका आला. पुढचं सगळं एलिजानंच माझ्या हातातून फोन घेऊन त्याला सांगितलं.